तळवडे चौकातलं साहेबी इंग्रजी

आठ-नऊ वर्षं मी नाटकांत आणि मालिकांत कामं केली, पण एकदाही बसले नाही. म्हणजे खुर्चीत. उभी राहिले, वाकले, फरशी पुसली, भाजी निवडली, एकदा तर चक्क मेले, तेही जमिनीवरच. माझा रंग, माझा बांधा आणि मुख्य म्हणजे माझी भाषा ऐकून पुण्यातले दिग्दर्शक पहिल्या भेटीतच ठरवून टाकत, की ही बाई ट्रे घेऊन छान येईल. आणि मी यायचेही छान. ट्रे कसा धरायचा, पदर कुठे खोचायचा, बाईसाहेबांच्या कुठल्या हाताला कप ठेवायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आईनं, कस्तुरानं, निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांमध्ये घरकामं करत जन्म काढला आहे.

आई माझी प्रत्येक मालिका बघते. चिखलीतल्या आमच्या दोन खोल्यांत टीव्हीसमोर एक प्लास्टिकची खुर्ची आहे, ती तिची. मी पडद्यावर आले की ती म्हणते, "आली बघ आमची रश्मी. आता ती बाई म्हणेल, ठेव." आणि ती बाई खरंच मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "ठेव."

"बरोब्बर लिहितात हां," आई म्हणते. "मीही इतक्या वर्षांत दुसरा शब्द ऐकला नाही."

मग जरा वेळानं, जाहिराती लागल्या की, हळूच म्हणते, "एकदा तरी बस गं बाई कुठं. तुला बघून माझेच पाय दुखतात."

माझी पोटापाण्याची नोकरी महाळुंग्याला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. मी क्वालिटीला आहे. आमच्या खोलीत काचेच्या कपाटात मास्टर पीस ठेवलेला असतो. मास्टर पीस म्हणजे अगदी बिनचूक बनवलेला नमुना. लाइनवरून आलेला माल त्याच्याशी ताडून बघायचा. जुळला तर पुढे, नाही जुळला तर लाल पेटीत. नवी पोरं कामावर आली की पहिल्या दिवशीच मी त्यांना दम भरते, की नमुना असो नाहीतर मोजायचं साधन असो, त्याच्यावरचा तपासणीचा स्टिकर बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. तेच चुकीचं असेल तर तुमचं सगळं काम चुकीचं. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की पोरं माझ्या माघारी माझी नक्कल करतात.

तर गेल्या हिवाळ्यात मला मुंबईहून फोन आला. कुलदीप नावाचा एक दिग्दर्शक इंग्रजीत वेब सिरीज करत होता. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. लंडनला शिकून आलेली एक बाई, बॅरिस्टर. त्यानं माझं कुठलंसं नाटक बघितलं होतं. त्यातही मी मोलकरीणच होते, पण त्याला माझी नजर आवडली होती. "अशीच नजर पाहिजे," तो म्हणाला, "पण इंग्रजी तिकडचं पाहिजे. जुन्या काळच्या शिकल्यासवरल्या इंग्रजांचं. महिन्यानं आमची उच्चारांची बाई, मोनिका, तुला ऐकेल. तिच्यानंतर आठवड्यानं मी."

पप्पांना सांगितलं तेव्हा ते हात धुऊन जेवायला बसत होते. ते तसेच उठून भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. आमच्या घरात बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो आहे. त्यामुळे बॅरिस्टर हा शब्द आमच्याकडे कुणी सहज उच्चारत नाही.

"बॅरिस्टर," पप्पा म्हणाले. "आणि खुर्ची?"

"ऑफिसच आहे म्हटल्यावर खुर्ची असणारच."

आईनं त्या दिवशी मला दोनदा भात वाढला.

मी मोबाइलवरचे व्हिडिओ लावून बसले. त्यातला गुळगुळीत माणूस सांगायचा, जबडा सैल सोडा, जीभ खाली ठेवा. मी आरशासमोर जबडा सैल सोडायचे. शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, दाढ दुखते का म्हणून.

"व्हिडिओ कशाला बघतेस?" पप्पा म्हणाले. "अस्सल इंग्रज रोज माझ्या गाडीत बसतो."

पप्पा, म्हणजे साहेबराव, चाकणच्या एका कंपनीत पाहुण्यांची गाडी चालवतात. त्या वेळी त्यांच्याकडे केनसाहेब होते. इंग्लंडहून मोठं प्रेस मशीन बसवायला आलेले. साठीच्या पुढचे, रुंद खांद्यांचे, जाड बोटांचे. कंपनीनं त्यांना पुनावळ्यात फ्लॅट दिला होता. पप्पा रोज सकाळी त्यांना तिथून घेऊन निगडी, त्रिवेणीनगर, तळवडे करत चाकणला सोडायचे. केनसाहेबांना साहेबराव हे नाव लांब वाटायचं, म्हणून ते पप्पांना 'साहेब' म्हणत. पप्पा त्यांना साहेब म्हणायचेच. कंपनीच्या गेटवर हे दोघं एकमेकांना साहेब, साहेब करायला लागले की सिक्युरिटीवाला सलाम कुणाला ठोकायचा या विचारात पडायचा.

पप्पांनी त्यांना विचारलं आणि मी त्रिवेणीनगरला गाडीत बसायला लागले. महाळुंगं वाटेतच. पहिल्या दिवशी मी माझं काम सांगितलं. केनसाहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मी त्यातला माणूस नाही, पोरी. माझं बोलणं तसलं नाही."

मी मराठीत पप्पांना सांगितलं. पप्पा आरशात बघून हसले. "लगेच हो म्हणाला तर तो इंग्रज कसला? पाहुण्याकडं गेल्यावर आपण नाही का, जेवा म्हटलं की दोनदा नको म्हणतो? परत विचार."

मी दुसऱ्या दिवशी परत विचारलं. ते परत नको म्हणाले. पप्पांनी बोट वर केलं. "झालं दोनदा." तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा केनसाहेबांनी माझ्याकडे बघून उसासा टाकला आणि म्हणाले, "ठीक आहे. काय वाचायचंय?" आमच्या हिशोबानं पंगत बसली होती.

तळवडे चौकात रोज सकाळी कंटेनर, कंपन्यांच्या बसेस आणि दुचाक्या एकमेकांत अशा अडकतात की गाडी बंद करून ठेवावी लागते. तिथंच सुभद्राबाईंची चहाची टपरी आहे. त्या तळवड्याच्याच, जुन्या घरातल्या. पप्पांनी काच खाली केली की त्या चहा खिडकीतच आणून द्यायच्या. केनसाहेब कप घेताना दरवेळी म्हणायचे, "टा, बॅब."

"काय म्हन्तोय गं त्यो?" सुभद्राबाईंनी मला विचारलं.

"थँक यू म्हणतायत, मावशी. त्यांच्याकडं घरातल्या माणसाला असं म्हणतात."

"आसं व्हय? ग्वाड हाय बिचारा. आमच्या गिऱ्हाइकांत येक बी काय म्हनत न्हाई."

तिथं माझी शाळा भरायची. नक्कल हा माझा धंदाच आहे, त्यामुळे मला वेळ लागला नाही. केनसाहेब कपाला 'कुप' म्हणायचे, बसला 'बुस', आणि 'डे'चा त्यांच्या तोंडी 'डाय' व्हायचा. वाक्य संपताना सूर खाली जायचा, दिवसभर राबलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा. व्हिडिओतल्या माणसाचं असं नव्हतं. पण मी म्हटलं, तो कॅमेऱ्यासमोर बोलतो, गुळगुळीत बोलणारच. माझ्यासमोर अस्सल नमुना असताना त्याचं कोण ऐकतं? मी व्हिडिओ बंद केले.

महिना संपत आला तेव्हा मी एक अख्खं पान म्हणून दाखवलं. केनसाहेबांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "डोळे मिटले तर माझी आत्याच बोलतेय असं वाटतं." मी ते सर्टिफिकेट समजून घरी नेलं.

मोनिका बाणेरच्या एका स्टुडिओत भेटली. चाळिशीची, बारीक कापलेल्या केसांची, समोरच्याकडे नीट लक्ष देणारी बाई. प्रसंग असा होता. बॅरिस्टर टेबलाशी कागद वाचत बसली आहे. मोलकरीण चहा आणते. बॅरिस्टर वर न बघता म्हणते, 'पुट इट देअर', आणि मग समोर बसलेल्या पक्षकाराला चार वाक्यं ऐकवते. चहाचा ट्रे, आणि मी ट्रेच्या दुसऱ्या बाजूला.

मी म्हणून दाखवलं. मोनिकानं तोंडावर हात ठेवला.

"परत म्हण."

मी परत म्हटलं.

"कुणी शिकवलं तुला?"

"केनसाहेब. अस्सल इंग्रज आहेत."

"अस्सलच आहेत," ती म्हणाली. "आपल्याकडच्या कुणाच्या तोंडून इतकं हुबेहूब मी कधी ऐकलं नव्हतं. पण रश्मी, हे लोखंडाच्या भट्ट्या आणि साखळ्यांचे कारखाने होते त्या भागातलं बोलणं आहे. मजुरांचं. तिकडच्या सिनेमांत असं बोलणाऱ्या बाईला कुठलं काम देतात माहीत आहे?"

मला माहीत होतं. तिनं विचारायच्या आधीच माहीत होतं.

"ट्रेचं," मी म्हणाले.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं मला चार गोष्टी समजावल्या. बॅरिस्टर कपाला कपच म्हणेल. तुझा मूळचा 'अ' अगदी बरोबर होता, तो का सोडलास? म्हणजे जन्मभर मी नीट म्हणत आलेला शब्द महिनाभर घाम गाळून मी बिघडवला होता. दुसऱ्या दिवसापासून मोनिका बाहेरगावी असणार होती, ती थेट कुलदीपच्या चाचणीलाच येणार होती. "एका आठवड्यात हे पुसून नवं बसवणं अवघड आहे," ती म्हणाली. "पण मी त्याला आत्ता काही सांगत नाही."

खाली येऊन मी स्कूटीवर बसले आणि किल्ली लावायचंच विसरले. स्टिकर बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे पोरांना सांगणारी मी! गोरा रंग बघितला आणि मास्टर पीस समजून त्याच्याशी स्वतःला महिनाभर ताडत बसले. आणि राग कशाचा आला सांगू? सातासमुद्रापलीकडची भाषा शिकायला गेले, तर तिथंही मी नेमकी स्वयंपाकघराच्याच दारातून आत शिरले.

सोमवारी गाडीत मी तोंड मिटून बसले. केनसाहेबांनी विचारलं, कसं झालं. मग मात्र मला राहवलं नाही. मी त्यांच्याच उच्चारांत त्यांना सगळं सुनावलं. तुम्ही सांगायचं तरी, तुमचं बोलणं कारखान्यातलं आहे म्हणून.

"सांगितलं होतं की," ते म्हणाले. "दोनदा."

पप्पांना इंग्रजी पुरतं कळत नाही, पण मुलीचा आवाज कळतो. "काय झालं गं?"

"पप्पा, यांचं इंग्रजी आपल्यासारखंच आहे. कामगारांचं."

पप्पांनी जरा वेळ समोरच्या कंटेनरकडे बघितलं. "मग त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. पण बॅरिस्टर असं बोलत नाही."

सुभद्राबाई चहा देऊन गेल्या. केनसाहेबांनी कप हातात धरला, पण 'टा, बॅब' म्हणाले नाहीत. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत.

त्यांचे वडील जहाजांच्या साखळ्या बनवायचे. केनसाहेब कारखान्यात डाय, म्हणजे प्रेसचे पोलादी साचे, बनवायला शिकले आणि त्यात नाव कमावलं. तरुण वयात कंपनीनं ठरवलं, की याला गिऱ्हाइकांकडे पाठवू. पण मोठा साहेब म्हणाला, तुझे हात चांगले आहेत, तोंड चालणार नाही. त्यांना संध्याकाळी एका बाईकडे शिकवणीला पाठवलं. ती पूर्वी नाटकात काम करायची. दातांत बूच धरून बोलायला लावायची. वर्षभरात केनसाहेब मोठ्या साहेबासारखे बोलायला लागले. मग एका रविवारी जेवताना त्यांनी त्याच आवाजात वडिलांकडे मीठ मागितलं. वडिलांनी मिठाची बाटली आईकडे सरकवली आणि म्हणाले, "त्या गृहस्थांना दे."

"त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी सरळ बोलले नाहीत," केनसाहेब म्हणाले. "मी ते काम सोडलं. परत मशीनवर गेलो. तो आवाज पुन्हा काढला नाही."

पण मी नटी आहे, आणि गरजवंत नटी. "मग अजून येतो का?" मी विचारलं.

त्यांनी चहा संपवला. पाठ ताठ केली. हनुवटी जराशी वर गेली. आणि मागच्या सीटवरून एक आवाज आला, थंड, सावकाश, प्रत्येक शब्द स्वतंत्र पुसून ठेवलेला. "आय शुड बी डिलायटेड टू हेल्प यू, मॅडम."

पप्पांचा पाय ब्रेकवर दाबला गेला. गाडी उभीच होती. "हे कोण बोललं?" त्यांनी मागं वळून विचारलं.

त्या आठवड्यात मी जे शिकले ते आधीच्या महिनाभरात शिकले नव्हते. केनसाहेबांनी आता नुसतं बोलून दाखवलं नाही, कसं बोलायचं ते सांगितलं. ओठ किती कमी हलवायचे, श्वास कुठे घ्यायचा. घाई करायची नाही, कारण या आवाजाच्या माणसाला मध्येच कुणी तोडेल अशी भीती कधी वाटलेलीच नसते. मी आयुष्यभर भरभर बोलत आले, पुढचा तोडायच्या आत. बूच मिळालं नाही, म्हणून सुभद्राबाईंनी खारीचा तुकडा दिला. तो मी दोनदा गिळला.

"येक आट हाय म्हनावं त्याला," सुभद्राबाई म्हणाल्या, "खारी खायाची आसंल तर चा बी घ्यायाचा."

अट केनसाहेबांचीही होती. "उतरताना हा आवाज गाडीत काढून ठेवायचा. घरी न्यायचा नाही."

मी ती पाळली नाही. चाचणी शनिवारी होती आणि गुरुवारी संध्याकाळी मला धीर निघेना. आई तिच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होती. मी दारातून आत आले, पाठ ताठ, हनुवटी वर, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुट इट देअर."

आई उठली. मांडीवरची मेथी खाली सांडली. खुर्ची माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "बसा."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मग आईला हसू फुटलं. "अगंबाई, मला वाटलं..." ती म्हणाली, आणि काय वाटलं ते सांगितलं नाही.

मला रडू आवरेना. माझ्या आईला खुर्चीतून उठवायला मी ही विद्या शिकले होते का? तो उच्चार जिभेवरून खरवडून काढावा असं वाटलं. मीठ सरकवताना केनसाहेबांच्या वडिलांना काय वाटलं असेल, ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. मी खाली बसून मेथी गोळा करायला लागले. आईही बसली.

"रडतेस काय? जमलंय म्हणजे तुला," ती म्हणाली. "मी जन्मभर ऐकलाय तो आवाज. इंग्रजीत असला तरी मला कळतो." मग तिनं माझं नाक पदरानं पुसलं, मी पाच वर्षांची असल्यासारखं. "जा, त्या मुंबईवाल्याला ऐकव. आणि तिथल्या खुर्चीत बस. ही माझी आहे."

शनिवारी मी बसले. लाकडी, हातांची खुर्ची होती. मोनिका कोपऱ्यात वही घेऊन उभी होती. माझं पहिलं वाक्य झालं आणि तिनं वही मिटली. कुलदीपनं तिच्याकडे बघितलं, तिनं नुसती मान हलवली. काम मला मिळालं. घरी फोन केला तर पप्पा नुसतं 'बॅरिस्टर, बॅरिस्टर' म्हणत राहिले. मागून आईचा आवाज आला, "अहो, काय झालं ते तरी सांगा."

मशीन बसवून झालं आणि केनसाहेब जायला निघाले. शेवटच्या सकाळी ते मुद्दाम गाडीतून उतरून टपरीवर गेले आणि उभ्यानं चहा घेतला. सुभद्राबाईंनी त्यांना कागदात खारी बांधून दिली. "टा, बॅब," ते म्हणाले. सुभद्राबाईंनीही त्यांना "टा, बॅब" म्हटलं. केनसाहेबांनी पप्पांचा हात दोन्ही हातांत धरून "जय भीम, साहेब" म्हटलं. तेही त्यांच्याच उच्चारात, सूर शेवटी खाली नेत. पप्पा दिवसभर ते म्हणून दाखवत होते.

शूटिंग उन्हाळ्यात, लोणावळ्याजवळच्या एका जुन्या बंगल्यात झालं. पप्पांनी सुट्टी घेतली, मित्राची गाडी मागून आणली आणि आईला घेऊन आले. दोघं भिंतीला चिकटून उभे होते. कुणीतरी त्यांना बसायला सांगितलं, तर नको म्हणाले. दोनदा.

मी टेबलाशी बसले. काळा कोट, केस घट्ट बांधलेले. मोलकरणीचं काम करणारी मुलगी नवी होती, योगिनी नाव. सकाळपासून कोपऱ्यात उभी राहून ती ट्रे धरायची तालीम करत होती. कुलदीप ओरडला, कॅमेरा सुरू झाला, योगिनी आत आली. टेबलापाशी पोचता पोचता तिचा ट्रे कलला आणि थोडा चहा बशीत सांडला. तिनं श्वास रोखला. मला तो श्वास ऐकू आला. माझ्या पहिल्या नाटकात मी अगदी तस्साच रोखला होता.

मला म्हणायचं होतं, 'पुट इट देअर', वर न बघता. मी वर बघितलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "टा, बॅब."

"कट!" कुलदीपनं हेडफोन काढला. "हे काय होतं?"

मोनिका तोंडावर हात ठेवून पाठमोरी झाली होती. तिचे खांदे हलत होते.

"सॉरी," मी म्हणाले. "चुकीचा उच्चार आला. परत घेऊ या. पण मी 'पुट इट देअर' म्हणणार नाही. थँक यू म्हणते."

"त्या काळची बॅरिस्टर मोलकरणीला थँक यू म्हणेल?"

"ही म्हणेल," मी म्हणाले. घाई न करता म्हणाले. मध्येच कुणी तोडेल असं मला वाटलंच नाही.

कुलदीपनं मोनिकाकडे बघितलं. "उच्चार बरोबर असला की माझी काही हरकत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा योगिनी आली. तिनं कप ठेवला. मी तिच्याकडे बघितलं आणि त्या थंड, सावकाश, साहेबी आवाजात तिला थँक यू म्हणाले. ती बिचारी एवढी गोंधळली की हसली. ते हसू कुलदीपनं ठेवलं. मग मी कप उचलला, एक घोट घेतला आणि पक्षकाराला माझी चार वाक्यं ऐकवली.

परतताना आई मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली होती. देहूरोड आलं तरी तिचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, झोपली.

"तो चहा खरा होता का गं?" तिनं एकदम विचारलं.

"खरा होता. पण गार झालेला, आणि साखर नव्हती."

"तरी प्यायलीस?"

"बसून प्यायले, आई."

आईनं माझा हात हातात घेतला. पप्पांनी आरसा जरा तिरका केला, म्हणजे आम्ही दोघी त्यांना दिसू.